फाटक्या कातळाची खूण

आधी कप.

पांढरा चिनी मातीचा कप आणि त्यावर दगडांची उतरंड. खाली ताटाएवढा दगड, त्यावर बशीएवढा, त्यावर मुठीएवढा, आणि अगदी टोकाला लिंबाएवढा पांढरा गोटा. मागे मावळतीचं तांबडं आभाळ. कप नको असेल तर टोपी घ्या. टोपी नको तर उशीचा अभ्रा. पायथ्याच्या गावातल्या एका हॉटेलने तर ही उतरंड न्हाणीघराच्या पडद्यावर छापून घेतली आहे, म्हणजे अंग घासता घासताही पाहुण्याला डोंगराची शांती लाभावी. उद्यान बघायला येणारा प्रत्येक जण या गावातून वर जातो, आणि परत जाताना उतरंड कुठल्या ना कुठल्या रूपात घरी नेतो.

शिट्टी ही या गावातली वाटाडी. तिला त्या कपातून कोणी चहा दिला की तो घशाखाली उतरत नसे. त्या उतरंडीने तिचा भाऊ खाल्ला होता. आणि ती रचणारा माणूस येत्या आठवड्यात पुन्हा येणार होता.

थांबा, दगड वरून काढले की असंच होतं. खालून सांगते ही गोष्ट.

&nbsp;

*फलक, उद्यानाच्या दारापाशी: माथ्यावर वाटाड्याशिवाय जाऊ नये.*

डोंगराच्या माथ्यावर सपाटी आहे. झाड नाही, झुडूप नाही, उघडा कातळ. त्यावर पाऊल उमटत नाही, त्यामुळे वाट अशी दिसत नाहीच. म्हणून जागोजागी दगडांचे ढीग घातलेले आहेत, गुडघ्याएवढे, खाली रुंद, वर निमुळते. गावात त्याला खूण म्हणतात. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसते. जेवणवेळ टळली की दरीतला ढग उठून सपाटीवर येतो आणि डोळ्यात बोट घातलं तरी दिसेनासं होतं. मग खुणेपाशी बसून राहायचं. ढग जरा विरळ झाला की पुढची खूण हेरायची आणि गाठायची. ढगात डोक्याचं ऐकू नये, खुणेचं ऐकावं. गावातल्या पोरांना हे चुलीला हात लावू नये इतक्याच लहानपणी शिकवतात.

दुसरा कायदा शिट्टीचा. ढगातून शिट्टी आली की ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं, मग वाजवणारा सख्खा असो की वैरी. दोन बोटं तोंडात घालून आपली नायिका जी शिट्टी मारायची, ती खालच्या बसथांब्यावर ऐकू यायची. तेव्हापासून तिचं खरं नाव घरच्यांनीही टाकून दिलं. दादा म्हणायचा, "हिला नवरा मिळणार नाही, पण हरवलेला माणूस हमखास मिळेल."

दादाही वाटाड्याच. एका दुपारी ढगात अडकलेल्या कुटुंबाला तो आणायला गेला. त्यांना खुणेपाशी बसवून पुढची हेरायला निघाला, आणि फाटक्या कातळापाशी ढग विरळ झाला तेव्हा डाव्या हाताला त्याला ढीग दिसला. परका माणूस असता तर थबकला असता. मोबाइल काढला असता, रडला असता, मटकन बसला असता. दादा सरळ चालत गेला, कारण समोर खूण होती. अशी चूक फक्त वाटाड्याच करू शकतो.

ढिगापलीकडे कातळ नव्हता.

उद्यानाच्या माणसांनी तो ढीग मोडून टाकला आणि सांगितलं, "कोणीतरी रचला असणार." ते कुटुंब सुखरूप घरी गेलं. वहिनी हॉटेलच्या भोजनगृहात कामाला लागली. आणि 'कोणीतरी' हा शब्द शिट्टीच्या दातात तंतूसारखा अडकून बसला. जीभ सारखी तिकडेच.

पुढे एकदा ती वहिनीला घ्यायला हॉटेलात गेली, तर भोजनगृहाच्या भिंतीवर दाराएवढा नवा फोटो. उतरंड, तांबडं आभाळ, लोक माना वाकड्या करकरून बघत होते. शिट्टी उतरंडीच्या मागे बघत होती. मागे फाटका कातळ होता, उभा चिरलेला, चिरेतून पांढरी रेघ गेलेली. त्या रेघेला पाठ टेकून ती दादा गेला त्या आठवड्यात किती वेळा बसली होती.

म्हणजे उतरंड फोटोपुरती उभी राहिली. मग वाऱ्याने पाडली. पडून तिचा ढीग झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याने गंमत म्हणून वर एकेक दगड ठेवला आणि ढीग हुबेहूब खुणेसारखा झाला.

फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही होती. कोणीतरीला सही होती!

वहिनी तो फोटो रोज सकाळी फडक्याने पुसायची. शिट्टीने तिला काही सांगितलं नाही. राग पातळ होईल म्हणून सांगितलं नाही.

&nbsp;

*फलक, भोजनगृहात: आमच्या डोंगराला जगाच्या नकाशावर नेणाऱ्या कलावंताचे स्वागत.*

"तो फोटोवाला येतोय," वहिनी ताटं पुसता पुसता म्हणाली. "त्याच जागी, तसाच फोटो पुन्हा काढायचाय म्हणे. मालक नुसते नाचतायत."

"कोण नेणार वर?"

"ज्याची पाळी असेल तो. तुला कशाला चौकशी?"

"सहज."

"तुझं सहज मला ठाऊक आहे. मागे सहज म्हणून मालकांच्या गाडीची हवा सोडली होतीस."

"ती आपोआप गेली."

"चारी चाकांची?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच सपाटीवर गेली आणि फाटक्या कातळाच्या डाव्या हाताला, दादाला दिसला होता तिथेच, ढीग घालायला बसली. खरी खूण उजवीकडे, जुनी, ओबडधोबड, एका अंगाला कललेली. ही मात्र तिने मन लावून घातली. खाली रुंद, वर निमुळती, दगडाला दगड असा बसवला की मधून सुरीचं पातं जाऊ नये. इतकी सुबक खूण तिने जन्मात घातली नव्हती. मागे सरून बघितलं तर स्वतःचंच कौतुक वाटलं. मग त्या कौतुकाची शिसारी आली.

पण खूण तिने मोडली नाही.

&nbsp;

बेत असा: त्याला तिथे न्यायचं, ढग येईल, आपण बाजूला व्हायचं.

किंवा असा: त्याला आधी सगळं सांगायचं, मग बाजूला व्हायचं.

किंवा: बाजूला व्हायचं आणि ऐकत बसायचं.

बसमध्ये तिच्या शेजारी बसून फोटोवाला शेंगा फोडल्यासारखा बोलत होता, तिकडे तिचं हे चाललं होतं. पाळी तिने उद्यानाच्या दाराजवळच्या बाकावरच मिळवली होती. तिथे वाटाडे ओळीने बसतात, टोकाचा उठला की बाकीचे सरकतात. टोकाला काका होते, दादाला वाट शिकवणारे.

"काका, तुमची पाळी मला द्या."

"का गं? फोटोत यायचंय?"

"हो. नटून आलेय की."

"नटून? तोंड तर एरंडेल प्यायल्यासारखं झालंय." पण काका सरकले.

आणि वहिनी. वहिनी हॉटेलच्या मागच्या दाराशी दोन डबे घेऊन उभी होती. पाव, उकडलेली अंडी. "एक तुझा, एक त्याचा. दोन्ही डबे मला परत हवेत."

"आणते."

"दोन्ही," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

"मला ना ताई, गर्दी अजिबात आवडत नाही," फोटोवाला सांगत होता. बसमध्ये लोक लोंबकळत होते. त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर त्याच्याच उतरंडीच्या टोप्या होत्या. "मी पहिल्यांदा आलो तेव्हा इथे चिटपाखरू नव्हतं. काय झालंय हो हे?"

"दृष्ट लागली," शिट्टी म्हणाली.

तो खळखळून हसला. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. बसमधून उतरताना त्याने एका म्हाताऱ्या बाईची पिशवी घेतली. वाटेत दोनदा तिला पाणी विचारलं. शिट्टीला वाटलं होतं, खलनायक येईल. हा तर कोणाचाही मावसभाऊ शोभला असता. तिने मनातल्या मनात त्याला एकेक शिवी घातली आणि चढ संपवला.

सपाटीवर तिने त्याच्या गळ्यात दोरीची शिट्टी अडकवली. "हरवलात तर वाजवायची. दुसऱ्याची ऐकलीत तर उत्तर द्यायचं. एवढाच कायदा."

"आणि उत्तर आलंच नाही तर?"

"असं होत नाही," ती म्हणाली.

&nbsp;

*फलक, सपाटीच्या तोंडाशी: दगड जागचे हलवू नयेत.*

"हे आपल्याला नाही ना?" फलकाकडे बोट करत त्याने विचारलं. "मालकांनी परवानगी काढलीय."

"मग काय! आपल्याला कशाला?"

फाटक्या कातळासमोर तो गुडघ्यांवर बसून रचायला लागला. जिभेचं टोक ओठांबाहेर, तोंडाने गुणगुण. एकेक दगड हातात फिरवून, फुंकर मारून ठेवायचा. शिट्टी त्याची बोटं बघत होती. निगुतीची बोटं होती. शेवटी त्याने खिशातून लिंबाएवढा पांढरा गोटा काढला.

"हा माझा. जिथे जातो तिथे टोकाला हाच ठेवतो. फोटो झाला की खिशात."

"आणि बाकीची रास?"

"ती तिथेच."

"तिथेच?"

"दगडच ते, ताई. जातील कुठे?"

तो वाक्य बोलून गेलासुद्धा. कॅमेऱ्यात डोळा घालून बसला. शिट्टीच्या कानात मात्र ते घण पडल्यासारखं वाजत राहिलं. जातील कुठे. जातील कुठे. त्याचे फोटो काढून झाले, गोटा खिशात गेला, दोघांनी आपापले डबे खाऊन संपवले, आणि दरीच्या कडेवरून ढगाची पहिली जीभ आत आली.

"इथेच थांबा," ती म्हणाली. "पुढची खूण बघून येते."

ती उजवीकडे गेली, खऱ्या खुणेच्याही पुढे, आणि एका पायरीसारख्या दगडाखाली अंग चोरून बसली.

ढग.

&nbsp;

आता काही दिसत नाही. नुसतं ऐकायचं.

"ताई?"

...

"ताई, दिसलं का काही?"

...

शिट्टी वाजली. गळ्यातली, दोरीची, घाबरलेली. पुन्हा वाजली. पुन्हा. शिट्टीने दोन्ही हात काखांत दाबून धरले, कारण बोटं आपसूक तोंडाकडे निघाली होती.

"ताई, जरा विरळ झालंय, इथे दोन आहेत! एक इकडे, एक तिकडे! खरी कुठली?"

दादाने कोणाला विचारलं असेल?

"अहो, ऐकताय ना?" पावलं जवळ आली. जुन्या खुणेपाशी थांबली. तो स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत होता, अंधारात पोरं बोलतात तसा. "ही तर नुसती पडीक रास आहे... वाकडीतिकडी. ती डावीकडची बघा काय सुबक आहे. तीच खरी. हे कोणत्या मूर्खाने रचून ठेवलंय इथे? माणसं मरतील ना अशानं!"

आणि त्याने लाथ घातली. खरी खूण, दादाच्याही आधीपासूनची, धडधडत कातळावर पसरली.

पावलं लांब गेली. डावीकडे.

मग दगड घसरल्याचा आवाज. आधी एक, मग चारपाच.

मग ते खाली पडल्याचा आवाज यायला हवा होता. तो आलाच नाही.

शिट्टी उठून उभी राहिली. झालं होतं. इतकी वर्षं जे उशाला घेऊन झोपली, ते झालं होतं. तिने छातीत समाधान शोधलं. घर बदलल्यावर जुन्या जागी हात घालून काडेपेटी शोधावी तसं. तिथे काही नव्हतं. नुसते दोन डबे डोळ्यांसमोर आले, आणि मागच्या दाराशी उभी वहिनी. दोन्ही, ती म्हणाली होती.

वहिनीला माहीत होतं. कधीपासून कोण जाणे, पण माहीत होतं.

ती खुणेकडे वळली. खूण नव्हती. पायाखाली सुटे दगड लागले, सगळीकडे सारखे. आता उजवं कुठलं आणि डावं कुठलं? कडा पुढे की मागे? डोकं म्हणत होतं असं जा. डोक्याचं ऐकू नये हे तिला ठाऊक होतं; पण ऐकायला दुसरं काही उरलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ती माथ्यावर हरवली.

तिने दोन बोटं तोंडात घातली. खाली बसथांब्यावर ऐकू जाईल अशी शिट्टी मारली.

लगेच उत्तर आलं. जवळून, बारीक, दोरीच्या शिट्टीचं.

&nbsp;

ती रांगत गेली. तो कातळावर पालथा पडला होता, दोन्ही हात पसरून, गाल दगडाला लावून. ती त्याच्याजवळ पालथीच झाली.

"हलू नका. ढग जाईपर्यंत असंच."

"पुढे काहीच नाहीये," तो म्हणाला. दात वाजत होते. "मी टेकलो, तर दगड गेले आणि... आवाजच आला नाही हो."

"उत्तर का दिलंत?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, ऐकली की द्यायचं." मग थोड्या वेळाने, "मी मघाशी वाजवली होती. तुम्हाला ऐकू आली नाही?"

"आली."

ढगात माणूस गप्प झाला की तो आहे की नाही हेही कळत नाही. मग शिट्टीने सांगितलं. फाटका कातळ, फोटो, पडलेली उतरंड, दादा. हा डावीकडचा ढीग कोणी घातला, तेही. सांगताना ती तुम्हीवरून तूवर कधी आली, दोघांनाही कळलं नाही.

"तो माझाच होता कशावरून?" तो पुटपुटला. "कितीतरी लोक रचतात."

"तुझ्या मागे रेघ होती."

"दगडच होते ते..."

"जातील कुठे?" शिट्टी म्हणाली. "सांग ना. कुठे गेले?"

मग अगदी वेगळ्याच आवाजात तो म्हणाला, "मी असे खूप ठिकाणी रचलेत."

"कुठे कुठे?"

"खूप."

"आठव."

"एका तळ्याच्या काठावर. मग एक घाट आहे, तिथे... बर्फाच्या वाटेवर एक. ती तर वाटच होती. तिथे ढग यायचा." त्याने कपाळ दगडावर टेकवलं. "तिथे रोज ढग यायचा हो."

"पुढे."

"नाही आठवत."

"आठवेल. रोज एकेक आठवेल तुला. जेवताना, दाढी करताना. मी तुला ढकलणार होते, म्हणजे ढकलल्यासारखंच. बरं झालं राहिलं. मेला असतास तर सुटला असतास."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. तिने त्याला उगी केलं नाही. मात्र त्याचा हात सरकायला लागला तेव्हा तिने मनगट धरलं, आणि करकचून धरून ठेवलं.

ढग निघाला तेव्हा दिसलं: त्याचा एक बूट घोट्यापासून पुढे हवेत होता. आणि तिचं कोपर कडेपासून वीतभर.

&nbsp;

*इथे फलक नाही. लावायला हवा.*

शिट्टीने आधी स्वतःची सुबक खूण मोडली आणि एकेक दगड लांब नेऊन टाकला. मग मघाची नवी उतरंड मोडली. मग ती उजवीकडे विखुरलेल्या दगडांपाशी जाऊन उभी राहिली.

"ये. ही घाल."

त्याने घातली. निगुतीची बोटं होती, पण दगड हातातून सुटत होते. तिने पायाने ढोसली, पडली.

"पुन्हा."

"पण मी..."

"वाऱ्याने पडली तर पुन्हा ढीग. पुन्हा."

दुसरी देखणी झाली. तिने ढोसली. "पुन्हा. देखणी नको. टिकायला हवी." तिसरीला त्याच्या नखातून रक्त आलं. तो न बोलता पहिल्या दगडापाशी गेला. तेवढ्यात दुसरा गट घेऊन काका सपाटीवर आले. त्यांनी विखुरलेली खूण पाहिली, गुडघ्यांवरचा माणूस पाहिला, शिट्टीचं तोंड पाहिलं. दादाला वाट शिकवणारा माणूस होता तो. त्याला फार सांगावं लागलं नाही.

"हा माझ्याबरोबर उतरेल," काका म्हणाले आणि पलीकडच्या दगडावर ऐसपैस बसले. "काय शिकवत होतीस?"

"पुन्हा."

"येतं मला ते," काका म्हणाले.

निघताना तिने हात पुढे केला. फोटोवाल्याने वर पाहिलं, मग खिशात हात घातला.

&nbsp;

भोजनगृहात वहिनी टेबलं मांडत होती. शिट्टीने दोन्ही डबे समोर ठेवले. वहिनीने ते उचलले, दोन्ही हातांत तोलले आणि तिचा श्वास सुटला. मग एक डबा हलवला. आत काहीतरी खडखडलं.

तिने झाकण काढलं. लिंबाएवढा पांढरा गोटा.

भिंतीवर दाराएवढा फोटो होता, पण वहिनीने तिकडे मान वळवली नाही. ज्या वस्तूवरून रोज फडकं फिरतं, ती बघावी लागत नाही.

"हा टोकाचा," ती म्हणाली. "बाकीचे?"

"वर आहेत. तो रचतोय."

"अजून?"

"अजून."

वहिनीने गोटा फडक्यात घेतला, दाबून पुसला आणि एप्रनच्या खिशात टाकला. मग खुर्ची ओढली आणि फोटो उतरवायला वर चढली.

"बघत काय उभी राहिलीस?" ती म्हणाली. "खालून धर."